नवरा गलाईला, चूल गावाला

आजचा विषय इतिहासाचा आहे, आणि तो आपल्याच घरातला आहे.

कमवायला लांब गेलेला नवरा म्हटलं की लोकांना आधी दुबई आठवते. केरळातल्या कितीतरी घरांतून, आपल्या कोकणातल्या रत्नागिरी-रायगडच्या गावांतून माणसं आखातात गेली. त्यांच्यावर सिनेमे निघाले, पुस्तकं निघाली. आपल्याकडची गोष्ट तेवढी कुणी सांगितली नाही. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, आणि पलीकडं साताऱ्यातले खटाव-माण, या सगळ्या पट्ट्यातला माणूस गेला तो गलाईला. त्रिशूर, कोइमतूर, मदुराई, हैदराबाद, कोलकाता, वाराणसी, अमृतसर. देशातल्या मोठ्या सराफ बाजारात जाऊन मराठीत हाक मारा, आपल्याकडचं कुणीतरी ओ देतंच. त्यांना पासपोर्ट लागला नाही, पण बाकी सगळं दुबईवाल्यासारखंच. भाषा परकी, जेवण परकं, घरी यायचं ते वर्षातून एकदा, दसऱ्याच्या पालख्यांना नाहीतर गावच्या यात्रेला.

ज्या नव्या मैत्रिणी ऐकतायत त्यांच्यासाठी थोडं सांगते. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणं. सोनाराच्या दुकानात कानस मारताना, घासताना सोन्याचे बारीक कण खाली पडतात. ती धूळ, केर, राख, जुने मोडके दागिने, हे सगळं गलाईवाला घेतो. त्यातलं सोनं वेगळं काढताना आधी त्यात तिपटीएवढी चांदी मिसळून मुशीत वितळवतात. मग ते नायट्रिक ॲसिडात, आपली माणसं तेजाब म्हणतात त्यात, उकळतात. चांदी विरघळते, सोनं तळाला मातकट भुकटी होऊन राहतं. ती धुऊन टाकणखार घालून पुन्हा वितळवली की पिवळंधमक सोनं. विरघळलेली चांदी तांब्याच्या पट्ट्या टाकून परत मिळवतात. ऐकायला सोपं वाटतं. पण ॲसिड उकळताना जो तांबूस धूर निघतो तो छातीत जातो, आणि दुकानं असतात सराफ कट्ट्याच्या बोळात, दहा बाय दहाची.

शेतकऱ्याची पोरं या कामात का गेली? उत्तर आभाळात आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून पूर्वेला आपल्याकडं येईपर्यंत ढगात काही उरत नाही. १८९६-९७ चा दुष्काळ, त्याच्या मागोमाग १८९९-१९०० चा, मग १९१८, १९५२, १९७२. दर पिढीच्या वाट्याला एक तरी आहेच. तेव्हा खानापूर तालुका सातारा जिल्ह्यात होता. १९४९ ला दक्षिण सातारा झाला, १९६० ला त्याला सांगली नाव मिळालं. जिल्ह्याचं नाव बदललं, पाऊस होता तेवढाच राहिला.

त्या काळात माणसाला दोन वाटा होत्या. एक मुंबईची, गिरणीत. सातारा जिल्ह्यानं गिरणगावाला किती माणसं दिली याला गणती नाही. दुसरी गलाईची. एकजण कुठल्या तरी शहरात बस्तान बसवायचा, मग भावाला न्यायचा, मेव्हण्याला, भावकीतल्या पोराला. पोरगं आधी भट्टी पेटवायचं, झाडायचं, भांडी घासायचं. चार-सहा वर्षांत काम शिकलं की पुढच्या शहरात स्वतःचं दुकान. अशी एका गावाची माणसं एकाच प्रांतात सापडतात. या साखळीचं आपल्याकडं फार कौतुक होतं आणि ते खरंच आहे. कुठलीही शाळा, कुठलंही सरकारी प्रशिक्षण नसताना दुष्काळी भागातल्या पोरांनी देशभर धंदा उभा केला.

पण या साखळीत बाई कुठं होती, हे मला बघायचं आहे. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. तीन वर्षांत गलाई हा शब्द एकदाही आला नाही, आणि गलाईवाल्याची बायको तर नाहीच. म्हणून गेली काही वर्षं गटांच्या बैठकीला जाईल तिथं म्हाताऱ्या बायकांना विचारत असते.

बाई दोन ठिकाणी होती. काहीजणी गावाला, काहीजणी नवऱ्याबरोबर.

गावातलीचं आधी सांगते. लग्नाआधी घरात बोलणं व्हायचं, "मुलगा गलाईत आहे," म्हणजे स्थळ चांगलं. लग्न झालं, महिना-पंधरा दिवस नवरा राहिला, मग तो गेला. मागं सासू-सासरे, जनावरं, कोरडवाहू रान. बाजरी पेरायची, हुलगा-मटकी करायची, लांबून पाणी आणायचं. १९७२ च्या दुष्काळात याच बाया खडी फोडायला आणि तलावाच्या कामाला गेल्या. मे १९७३ मध्ये राज्यभर दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती आणि त्यात बायका मोठ्या संख्येनं होत्या. मिलोची भाकरी आणि सुकडी अजून लक्षात असणाऱ्या आजी आपल्या गटात आहेत. त्यातूनच पुढं १९७७ चा रोजगार हमीचा कायदा झाला. माझं एक मत आहे, पटलं तर घ्या. आपल्या भागातल्या कितीतरी बायकांचं नाव सरकारी कागदावर पहिल्यांदा लागलं ते दुष्काळी कामाच्या हजेरीपटावर. नवरा सोनं गाळत होता, पण बायकोचं नाव सोन्याच्या कुठल्याच कागदावर नव्हतं. ते होतं खडीच्या कागदावर.

आता पैसा कसा यायचा ते बघा, कारण सगळी मेख तिथंच आहे.

आधी मनीऑर्डर. ही सोय १८८० पासून होती आणि २०१५ ला जुन्या पद्धतीची मनीऑर्डर टपाल खात्यानं बंद केली. तिच्या फॉर्मच्या खाली निरोपाला दोन-चार ओळींची जागा असायची, तेवढा तुकडा फाडून घरी मिळायचा. मनीऑर्डर यायची सासऱ्याच्या नावानं. पोस्टमन पैसे मोजून देणार, सासरे अंगठा करणार, आणि निरोप सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला जाणार. "पैसे मिळताच कळवणे. बैलाला पेंड आणणे. सर्वांस नमस्कार." आता तुम्हीच सांगा, या सगळ्यांत बायको कोणती? एक आजी मला म्हणाल्या, "त्यो 'सर्वांस' म्हणायचा न्हवं, त्यातली मी." हसून म्हणाल्या, पण तीस वर्षांचा संसार त्या एका शब्दात होता.

पुढं धंदा वाढला तसा पैसा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती यायला लागला. गावातलाच कुणीतरी गलाईवाला यात्रेला निघाला की पाच घरांची पाकिटं त्याच्याकडं. लिहिणं नाही, सही नाही, सगळं विश्वासावर. आपल्या माणसांना या विश्वासाचा अभिमान आहे आणि त्या विश्वासावरच हा धंदा उभा राहिला, हे मी नाकारत नाही. पण पाकीट जायचं घरातल्या थोरल्याच्या हातात. रान घेतलं, ते सासऱ्याच्या किंवा थोरल्या दिराच्या नावावर. माडीचं घर बांधलं, तेही तसंच.

इथं केरळातल्या बायकांशी तुलना करून बघते, कारण आपलं आणि त्यांचं नातं मोठं गमतीचं आहे.

पूर्वी दुबईच्या भागात भारतीय रुपयाच चालायचा. १९४७ नंतर आपल्याकडं सोन्याच्या आयातीवर बंधनं आली आणि तिकडून गलबतांतून चोरटं सोनं पश्चिम किनाऱ्यावर उतरायला लागलं. रुपये इकडून तिकडं जायचे ते याच सोन्याच्या मोबदल्यात. शेवटी १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या आणि १९६६ च्या सुमारास त्याही बंद झाल्या. १९६३ च्या जानेवारीत मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले, १४ कॅरटच्या वरचे नवे दागिने करायला बंदी झाली. सोनारांची उपासमार झाली. सोनाराचं काम थांबलं की गलाईवाल्याची भट्टी थंड, हे वेगळं सांगायला नको. १९६८ ला कायदा झाला आणि तो उठला थेट १९९० मध्ये. इतकी वर्षं आपली माणसं परवान्याच्या आणि धाडीच्या धास्तीत जगली.

मग १९७३ ला तेलाचे भाव वाढले, आखातात कामं निघाली, केरळातली माणसं तिकडं गेली. त्यांचा पैसा केरळात आला, लग्नं थाटात व्हायला लागली, सराफी दुकानं वाढली. १९९२ ला परदेशातून येणाऱ्या भारतीयांना कर भरून पाच किलोपर्यंत सोनं आणायला परवानगी मिळाली. त्रिशूर-कोळिकोडच्या बाजारात सोनं खेळायला लागलं, आणि जिथं सोनं घडतं तिथं धूळ पडते, जिथं धूळ पडते तिथं आपला माणूस. तिथल्या बाईचा नवरा दुबईला, त्याच्या पैशाच्या सोन्याची धूळ गाळायला आपला नवरा केरळला, आणि आपण विट्याला. तीन ठिकाणची घरं एका सोन्यानं बांधलेली, आणि त्यातल्या दोन ठिकाणी बाई एकटी.

लीला गुलाटी नावाच्या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी केरळातल्या अशा मागं राहिलेल्या बायकांचा अभ्यास केला. १९९३ ला त्यांचं पुस्तक आलं. त्या बायकांचेही हाल होते, सासरचा जाच होता, एकटेपणानं काहीजणी आजारीसुद्धा पडल्या. पण आखातातून येणारा पैसा यायचा बँकेच्या ड्राफ्टनं. ड्राफ्ट बायकोच्या नावाचा असेल तर बँकेत बायकोलाच जावं लागायचं, खातं तिच्या नावाचं काढावं लागायचं, सही शिकावी लागायची. आमची पाकिटं आली हातोहात, त्यामुळं आम्हाला बँकेचं दारही दिसलं नाही. त्या बायका आपल्यापेक्षा हुशार होत्या असं नाही. पैशाच्या रस्त्यावर त्यांचं नाव लिहावं लागलं, आपलं नाही लागलं, एवढंच.

आता नवऱ्याबरोबर गेलेल्या बाईकडं वळू. ती सुटली असं गावाला वाटायचं. ती राहायची दुकानाच्या वरच्या नाहीतर मागच्या खोलीत. खाली भट्टी. दुकानात गावाकडची शिकायला आलेली चार-सहा पोरं, त्यांचं दोन्ही वेळचं जेवण तिच्याकडं. ज्वारीचं पीठ मिळत नाही म्हणून मिरजेहून गाडीत बसताना पिठाचं गाठोडं आणि कांदा-लसणाच्या चटणीचा डबा. शेजारणीची भाषा कळत नाही, बाजारात बोटानं दाखवून भाजी घ्यायची. सहा महिन्यांत तमिळ नाहीतर मल्याळी बोलायला लागायची, पुरुषांच्या आधी. पोरांचं कपडे धुणं, आजारपण, गावची आठवण येऊन रडणाऱ्याला समजावणं, हे सगळं वहिनीनं केलं. शिकून दुकान टाकलेला माणूस सांगतो, अमुक शेठकडं काम शिकलो. वहिनीकडं जेवलो, हे वेगळं सांगायचं त्याच्या मनातच येत नाही.

मुंबईत याच कामाला नाव मिळालं. गिरणगावात गावाकडच्या कामगारांना जेवण देणाऱ्या खानावळवाल्या बायकांची प्रेमाताई पुरव यांनी १९७५ ला संघटना बांधली, अन्नपूर्णा महिला मंडळ. त्या बायकांना बँकेचं कर्ज मिळालं, रांधणं हा धंदा ठरला. गलाईच्या घरातलं तेच रांधणं घरकाम राहिलं, कारण जेवणारे दीर आणि भाचे होते. नात्यात हिशोब नसतो म्हणे.

मुंबईची वाट १८ जानेवारी १९८२ च्या संपानं जवळजवळ बंद झाली. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले, त्यातले पुष्कळ आपल्या खानापूर तालुक्यातल्या गावांत परत आले. इथला दुष्काळ बघून त्यांच्यातूनच मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली, येरळेवर बळवडी-तांदुळवाडीचं बळीराजा धरण लोकांनी बांधलं. त्याच दशकात इंदुताई पाटणकर आणि त्यांच्या सोबतिणींनी सांगली जिल्ह्यात नवऱ्यानं टाकलेल्या बायकांचा प्रश्न पुढं आणला. रेशनकार्ड वेगळं द्या, घराला जागा द्या, अशा साध्या मागण्या होत्या. परगावी गेलेल्या नवऱ्यानं तिकडंच दुसरं घर केलं, असं आपल्या भागातही झालं आहे. कुणाचं ते सगळ्या गावाला माहीत असतं, फक्त बोलत नाही कुणी. तेव्हा मागण्या साध्या वाटल्या तरी वेगळं रेशनकार्ड म्हणजे काय, हे अशा बाईला विचारावं.

अजून एक भीती या घरांत नेहमीची आहे. गलाईवाला जे सोनं विकत घेतो त्यात चोरीचं निघालं तर पोलीस त्याच्या दारात येतात. जुन्या भारतीय दंड विधानात चोरीचा माल घेण्याचं कलम ४११ होतं, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचं. १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय न्याय संहितेत तेच ३१७ आहे. जाणूनबुजून घेतलं तर गुन्हा आहे, यात वाद नाही. पण वितळलेल्या सोन्यावर मालकाचं नाव नसतं आणि परमुलखातल्या माणसाची बाजू ऐकणारं कुणी नसतं. धंद्यातली माणसं ही तक्रार कितीतरी वर्षं करतायत. नवऱ्याला उचलला की बायकोनं जायचं कुठं? वकील कोणता, बिलं कुठं ठेवलीत, दुकानाचा भाडेकरार कुणाच्या नावाचा, यातलं तिला काही सांगितलेलं नसतं.

आमच्या ओळखीतल्या एका बाईचा नवरा दोन हजार किलोमीटरवर हृदयविकारानं गेला. चाळिशीचाच होता. ती गावाला, मुलगी दहावीत. दुकानात स्वतःचं सोनं किती, लोकांचं किती, देणं किती, येणं किती, सगळं त्याच्या डोक्यात होतं. जी वही सापडली ती खुणांची, त्याची त्यालाच कळणारी. दिरानं दुकान चालवायला घेतलं. तो वाईट माणूस नाही, मुलीची फी भरतो. पण बाईला शंभर रुपये लागले तरी मागावे लागतात, आणि जिथं वीस वर्षं नवरा राबला त्या दुकानात तिचा वाटा किती हे विचारायला गेलं तर घर फुटतं. सातबाऱ्यावर नाव लावायला गेली तेव्हा कळलं की रान नवऱ्याच्या नावावर कधी नव्हतंच. ते अजून सासऱ्याच्या नावावर आहे, आणि सासरे जाऊन अकरा वर्षं झालीत. वारसाचीच नोंद केली नव्हती कुणी.

कायद्यानं बाईला दिलेलं कमी नाही. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशात २००५ पासून वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाएवढा हक्क आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मी मुक्तीची हाक दिली तेव्हा खेड्यापाड्यांतल्या पुरुषांनी आपण होऊन बायकोच्या नावावर रान केलं होतं. शेजारी म्हसवडला १९९७ मध्ये बायकांची बँक उभी राहिली, माणदेशी. अंगठा करणाऱ्या बायका संचालक कशा, म्हणून आधी परवाना नाकारला गेला होता. बायकांनी लिहायला शिकून पुन्हा अर्ज केला आणि परवाना मिळवला. म्हणजे आपल्या दुष्काळी मातीत हे होऊ शकतं.

आता धंदाच बदलतोय. जून २०२१ पासून हॉलमार्क सक्तीचा व्हायला लागला, मोठ्या कंपन्यांची यंत्रं आली, लहान भट्टीचं काम कमी झालं. टेंभूचं पाणी काही गावांत आलंय, द्राक्ष-डाळिंब दिसतं. काहीजण परत येतायत. २०२० च्या टाळेबंदीत तर एकदमच आले होते, आणि त्या चार-सहा महिन्यांत कितीतरी घरांत नवरा-बायको पहिल्यांदाच सलग एवढे दिवस एकत्र राहिले. त्या दिवसांत भांडणं वाढली, असं आमच्या गटांत बायका सांगतात. काहीजणी हसतात आणि सांगत नाहीत. पोरांचं वेगळंच. त्रिशूरला वाढलेला पोरगा आजीशी मराठी बोलताना अडखळतो, आणि आजी त्याला 'आमचा मद्राशी' म्हणते, केरळ असलं तरी.

मैत्रिणींनो, आपल्या गटांनी एक काम सुरू केलं आहे. तुमच्या आजीच्या, सासूच्या पेटीत मनीऑर्डरचे जुने तुकडे असतील, आंतरदेशीय पत्रं असतील, दुष्काळी कामाचं कार्ड, परगावच्या फोटो स्टुडिओत काढलेला फोटो, ते पुढच्या बैठकीला घेऊन या. आम्ही फोटो काढून मूळ कागद लगेच परत देतो. फोटोत कोण कोण आहे ते मागं पेन्सिलीनं लिहून आणा, बायकांची नावं माहेरच्या नावासकट. आणि पेटी उघडलीच आहे तर घरचा सातबाराही काढून बघा, कुणाच्या नावावर आहे ते. बैठक नेहमीच्याच वेळेला, दुपारी दोनला.